हात बसायला जागा लागते

'बदली' हा शब्द आज कानावर आला की सरकारी नोकराची बदली आठवते. मुंबईच्या गिरणगावात मात्र बदली म्हणजे माणूस होता. कायम कामगाराने खाडा केला की त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. आज आपण कंत्राटी, हंगामी, रोजंदारी अशी नावे घेतो. त्या सगळ्यांचा हा थोरला भाऊ. सध्या 'कौशल्य' या शब्दाची फार चर्चा आहे, म्हणून मला त्याची आठवण होते. कौशल्य हातात असते असे आपण म्हणतो. पण त्या हाताला बसायला जागा कोण देतो?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ती गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी सकाळी दरवाजाशी उभी राहणारी गर्दीही वाढली. जॉबर त्या गर्दीतून माणसे निवडी. नात्यातला, गावचा, नाहीतर दस्तुरी देणारा आत जाई. बाकीचे चाळीत परत. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कार्डांची पद्धत आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड मिळे. त्यांनी रोज हजर राहायचे. काम मिळेलच याची हमी नाही.

माझे आजोबा विणकर होते, त्यामुळे मागाची भाषा मी लहानपणापासून ऐकत आलो. ताणा किती ओढलेला आहे, सुताला खळ नीट बसली आहे का, कोरड्या हवेत धागा का तुटतो, धोट्याचा आवाज बदलला तर काय बिघडले, हे सारे कान आणि बोटे हळूहळू शिकतात. गिरणीत मागाला साचा म्हणत. प्रत्येक साच्याची खोड वेगळी. आज या साच्यावर, उद्या त्या साच्यावर उभ्या राहणाऱ्या बदलीला ती खोड उमजेपर्यंत पाळी संपे. विणकराची मजुरी उतरलेल्या कापडावर, म्हणून तुटलेल्या प्रत्येक धाग्याचा भुर्दंड त्यालाच.

तरीही बदली शिकत असे. आज ना उद्या आपण कायम होऊ, ही आशा त्याला होती. शिकवणाऱ्यालाही गरज होती. कोकणात किंवा घाटावर गावी जायचे तर साचा सांभाळायला आपला भरवशाचा माणूस हवा. म्हणून चुलता पुतण्याला शेजारी उभा करी, गाठ मारायला शिकवी.

हे दार सर्वांना खुले नव्हते. धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायला विणकर तोंडाने ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागते, एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेत नसत. चांगली मजुरी मात्र तिथेच होती. त्या खात्यात मराठा आणि मुसलमान विणकरांचा भरणा होता. म्हणजे आत आमच्या बिरादरीचे लोकही होते, हे मला सांगितलेच पाहिजे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे खाते खुले करण्याची मागणी लावून धरली. ज्यांना साच्यापाशी उभेच राहू दिले नाही, त्यांना अकुशल म्हणण्याचा अधिकार कोणाला?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बदली कामगारांना कायम करा, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळलेले कापड आणखी तिकडे गेले. तिथे बहुतेकांचे नाव हजेरीपटावर नसते. मजुरी मीटरवर, एका माणसाकडे चार, सहा, कधी त्याहून जास्त माग. बाजार थंडावला की माग उभे राहतात आणि विणकर गावाची गाडी धरतो. परत येतो तेव्हा कारखाना वेगळा, सूत वेगळे. मालकाला वाटते, शिकवून उपयोग काय, हा उद्या जाणार. कामगाराला वाटते, शिकून उपयोग काय, दर तोच मिळणार. दोघांचेही चूक नाही, आणि नुकसान दोघांचेही आहे.

हे आता मागापुरते राहिलेले नाही. २०१५ साली 'स्किल इंडिया' मोहीम सुरू झाली. प्रशिक्षण वर्ग निघाले, प्रमाणपत्रे वाटली गेली. हे चांगलेच आहे. पण काही आठवड्यांच्या वर्गात कामाची ओळख होते. हात बसतो तो कामावरच, वर्षानुवर्षे. ठेकेदार काही महिन्यांनी माणूस बदलत असेल, तर तो दर वेळी पहिल्या इयत्तेत बसतो.

जुन्या बदलीचे दिवस सुखाचे होते, असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढचे दार अरुंद होते, तिथे लाच चाले, जातही चाले. ते रुंद करायला हवे होते. आपण ते बुजवून टाकले. कुशल माणसे मिळत नाहीत अशी तक्रार कारखानदार करतात, तेव्हा त्यांना एवढेच विचारावे: शिकलेल्या माणसाला पुढची पाच वर्षे उभे राहायला तुम्ही जागा देणार का?