सणांचा जमाखर्च आणि उद्याचा इतिहास



इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, असा आपला समज असतो. परंतु घरोघरच्या जमाखर्चाच्या वह्या हीसुद्धा इतिहासाची साधनेच होत. आमच्या आजोबांची अशी एक वही अद्याप घरी आहे. ती निजामी अमदानीतील असून तीतील आकडे हाली शिक्क्याचे आहेत. दिवाळीच्या पानावर तेल, गूळ व कापडाचे एक ठाण एवढीच घरची खरेदी. त्याखाली मात्र बलुतेदारांस, गड्यांस व लेकीबाळींस काय दिले, याची नोंद अर्धे पान भरून आहे.

तिच्याशेजारी माझी वही ठेवली, तर मान खाली घालावी लागते. सन २०१६ चा गुढीपाडवा ८ एप्रिल रोजी आला. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूर शहर टँकरच्या पाण्यावर दिवस काढीत होते. तरीही मुहूर्त साधावा व सवलत पदरात पडावी, म्हणून मी कपडे धुण्याचे यंत्र हप्त्यांनी घरी आणले! त्यानंतर चारच दिवसांनी, १२ एप्रिल रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. सबंध शहराच्या तहानेपुढे ते कितीसे? पावसाळ्यापर्यंत ते यंत्र चादरीखाली झाकलेले राहिले. हप्ते मात्र वेळेवर जात होते. शेजारच्या वृद्ध आजी घागर घेऊन दारावरून जात, तेव्हा मी दार लोटून घेत असे.

या भूमीने आजवर काय स्मरणात ठेविले? नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे राष्ट्रकूटांच्या काळी जगत्तुंगसागर हा तलाव निर्माण झाला. लत्तलूर, म्हणजे आपले लातूर, हे आपले मूळ नगर म्हणविणाऱ्या त्या राजांनी सणासुदीस कोणती वस्त्रे परिधान केली, हे कोणी विचारीत नाही. तलावाचे नाव मात्र हजार वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी व आसपासच्या गावांवर भूकंपाचा घाला पडला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या वर्षी कोणाच्या घरी किती फराळ झाला, हे आज कोणास स्मरते? ढिगारे उपसावयास कोण धावले, पोरक्या लेकरांस कोणी आसरा दिला, एवढेच स्मरते.

सण साजरे करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आपले वाडवडीलही खरेदी करीत. परंतु ती जनावरांची, घोंगड्यांची, वर्षभर कामी येणारी असे. पोळा व वसुबारस हे तर मुळी कृतज्ञतेचेच सण. खरेदी हीच सणाची ओळख ठरली, तर आपल्या नातवंडांस आपल्या वह्यांत हप्त्यांखेरीज काय सापडेल?

यंदा मी दिवाळीच्या पानावर घरच्या खरेदीखाली अर्धे पान कोरे ठेविले आहे. आपणही आपापल्या वहीत तसे ठेवावे आणि ते कोरे राहू देऊ नये, ही सर्व ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.