रेग्युलर की जैन?

सुरतेत रविवारी संध्याकाळी बऱ्याच घरांत गॅस पेटत नाही. डुमस रस्ता, वेसू, पाल, अडाजण, जिकडे बघावं तिकडे हॉटेलांच्या दारात नंबर लागायची वाट बघत बसलेली कुटुंबं. ‘सुरतचं जेवण नि काशीचं मरण’ ही म्हण इथल्या माणसाने फारच मनावर घेतली आहे. पूर्वी ती म्हण घारी, उंधियू, पोंक आणि लोचो यांच्या जिवावर उभी होती. मग चायनीज आलं, इटालियन आणि मेक्सिकन आलं, थाई आलं. आता उपनगरांतल्या नव्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर व्हिएतनामही दिसू लागला आहे. ‘फो’ म्हणजे वाडगाभर पातळ, वाफाळता रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया आणि वरून ओंजळभर हिरवा पाला. शिवाय तांदळाच्या पारदर्शक पापडात गुंडाळलेल्या कच्च्या भाज्यांचे रोल. वेटर ऑर्डर लिहून घेतो आणि मान वर न करता विचारतो, “रेग्युलर के जैन?”

या शुद्ध शाकाहारी हॉटेलांत ‘रेग्युलर’ म्हणजे मांस-मच्छी नव्हे बरं का. रेग्युलर म्हणजे कांदा, लसूण, बटाटा असलेलं. जैन म्हणजे ते नसलेलं. एवढ्याशा प्रश्नामागे तीन शतकांहून मोठा इतिहास आहे असं मी म्हटलं, तर घरातली मुलं हसतात. पण तो आहे.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. १६६४च्या स्वारीत ज्यांची संपत्ती लुटली गेली ते वीरजी व्होरा जैन होते. त्या काळच्या जगातल्या मोठ्या धनिकांत त्यांची गणना होई, आणि इंग्रजांना ते व्याजाने पैसे देत. या स्वारीनंतर पंचवीस वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेत आला. त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात इंग्रजांच्या वखारीतल्या जेवणाची हकीकत आहे. वखारीत तीन आचारी होते, एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदुस्थानी. कुणाच्याही जिभेला कमी पडू नये म्हणून ही व्यवस्था! आणि सणावाराच्या दिवशी वखारीचा प्रमुख सगळ्यांना घेऊन शहराबाहेरच्या एखाद्या बागेत जाई, सावलीत, तळ्याकाठी, पाण्याच्या कारंज्यांजवळ. म्हणजे सुट्टीच्या दिवशी गाव सोडून बाहेर जायचं आणि मजेत खायचं-प्यायचं, ही सुरतेची चाल आजची नाही. आज चांदणी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, हजारो सुरतकर घारी आणि भुसू घेऊन रस्त्याकडेला चटया अंथरून बसतात, ते याच वंशातले.

याच ओव्हिंग्टनने इथली जनावरांची पांजरपोळही पाहिली. गाई-घोडे सोडाच, ढेकूण-पिसवांनासुद्धा उपाशी ठेवायचं नाही, म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर त्यांच्यात झोपवत, असं त्याने लिहिलं आहे. गंमत बघा. दिवसभर कापूस, नीळ, मिरी, पोवळी यांचे सौदे ज्या बनियांशी होत, ते वखारीच्या टेबलावर पाणीसुद्धा पीत नसत. व्यापारात सगळं जग एक, पंगत मात्र वेगळी.

ही पंगत थोडीशी सरकली ती नानकटाईने. सुरतेत डचांचीही वखार होती. त्यांच्यासाठी चाललेली पावाची भट्टी डच निघून गेल्यावर दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली. त्यांची बेकरी १८६१पासूनची, आणि आजही चालू आहे. पाव फुगवायला तेव्हा ताडी वापरत, बिस्किटांत अंडी असत. डच गेले, गिऱ्हाईक गेलं, आणि इथले लोक ताडी-अंड्याला शिवेनात. मग ताडी आणि अंडं दोन्ही काढून टाकून मैदा, तूप आणि साखर एवढ्यावरच नानकटाई जमवली गेली, अशी कथा सुरतेत सांगतात. कथेत थोडं मीठ-मसाला असेल, पण तिच्यातली रीत अगदी सुरती आहे. परक्याचं घ्यायचं, त्यातलं आपल्याला न चालणारं काढायचं आणि उरेल त्यातून चवीचं काही करायचं. पुढे पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं आलं, ते याच रीतीने.

जुन्या सुरतेतले जैन गोपीपुऱ्यात राहत. अजूनही तिथल्या गल्ल्यांत देरासरांमागे देरासरं आहेत. पण गेल्या काही दशकांत वस्ती सरकत अठवा, अडाजण, पाल, वेसू अशी बाहेर गेली. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगने शहराची जगभर नाचक्की झाली. लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी कचऱ्याबरोबर हॉटेलांची आणि फरसाणवाल्यांची स्वयंपाकघरंही धारेवर धरली. बाहेर खाणं पुन्हा भरवशाचं झालं. दुसरीकडे हिऱ्याचा धंदा माणसांना परदेशी नेत होता. पालनपुरी जैन १९६०च्या दशकापासून अँटवर्पला जाऊन बसले, मग हाँगकाँग आणि बँकॉक. सुरुवातीच्या माणसांच्या बॅगेत खाखरे आणि थेपले असत. हळूहळू विमान कंपन्यांनीही ओळखलं, आणि आज त्यांच्या सांकेतिक यादीत जैन जेवणाला ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र कोड आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुरतहून थेट बँकॉकचं विमान सुरू झालं. बँकॉकला जाणारा पुढच्या वर्षी हनोई आणि सायगावची सहल काढतो, आणि परत आल्यावर म्हणतो, “तिकडे तो सूप होता ना, तसा इथे मिळायला हवा.” फो असा वेसूला पोचला.

फोचं स्वतःचं नशीबही घर सोडून बाहेर पडणाऱ्यांचंच आहे. तो काही फार प्राचीन नाही. एकोणिसावं शतक संपताना आणि विसावं सुरू होताना उत्तर व्हिएतनाममध्ये, नाम दिन्ह आणि हनोईच्या बाजूला, फ्रेंचांच्या अमदानीत तो रस्त्यावर विकला जाऊ लागला. १९५४ साली देशाची फाळणी झाली, लाखो माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली, आणि त्यांच्याबरोबर फो सायगावात आला. १९७५ला युद्ध संपलं, पुन्हा लाखो माणसं होड्यांतून देश सोडून गेली. ज्यांना अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आसरा मिळाला ती शहराच्या मध्यभागी राहू शकत नव्हती. सिडनीबाहेरचं काब्रामाटा, कॅलिफोर्नियातलं वेस्टमिन्स्टर अशा स्वस्त उपनगरांत त्यांनी दुकानं थाटली. गिऱ्हाईकही आपलंच, रडणंही आपलंच. व्हिएतनामी खाणं जगाला कळलं ते या उपनगरी हॉटेलांतून. सगळं गमावलेल्या माणसांनी एका वाडग्यात घर जपलं होतं.

आता या वाडग्यातून आपण काय-काय काढतो ते बघा. मूळ रस्सा बैलाच्या हाडांचा, तासन्‌तास उकळलेला. ती पहिली गेली. विस्तवावर भाजलेला कांदा गेला. ओलं आलं गेलं, कारण ते जमिनीखालचं. मासे मिठात मुरवून केलेलं ‘नुओक माम’, ज्याच्याशिवाय व्हिएतनामी बाईचा स्वयंपाक अडतो, ते तर जाणारच. मग उरलं काय? दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल. चक्रीफूल व्हिएतनामच्या उत्तर सीमेवर लांग सोनच्या डोंगरांत पिकतं, आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. आपण गोड्या मसाल्यात ते टाकतो तेव्हा ते कुठून आलं असेल याचा विचारही करत नाही. फोचा सुगंध मुख्यतः याच तिघांचा. आणि रोलचा तो कागदासारखा पापड? तांदळाचं पीठ पातळ पसरायचं, वाफवायचं, अलगद सोडवायचं, उन्हात वाळवायचं. आपल्या आज्या उन्हाळ्यात सालपापड्या करायच्या, त्याहून वेगळं त्यात काय आहे? म्हणजे काढून-काढूनही जे उरलं, ते नेमकं आपल्या ओळखीचं निघालं.

एवढ्यावर कुणी म्हणेल की हे व्हिएतनामी खाणं राहिलंच नाही, सुरतेने त्याचं भजं केलं. मलाही हा आक्षेप रास्त वाटला असता, जर व्हिएतनामच्या घराघरांत दुसरं एक स्वयंपाकघर नसतं. त्याला तिकडे ‘चाय’ म्हणतात. आपल्या चहाशी त्याचा काही संबंध नाही. उपवास, शुद्धी या अर्थाच्या चिनी शब्दावरून तो आला आहे. चाय म्हणजे बौद्ध रीतीचं शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, एरवी सगळं खाणारी माणसंसुद्धा चाय जेवतात, आणि त्या दिवशी चाय-खाणावळींत गर्दी असते. चाय-फो असतो, त्यात हाडांऐवजी मुळा, गाजर, मका, अळिंबी यांचा रस्सा. माशाच्या अर्काऐवजी सोयाबीनचा. अष्टमी-चतुर्दशी पाळत वाढलेल्या माझ्यासारखीला तिथी बघून ताट बदलणारी ही माणसं परकी वाटत नाहीत.

ही रीत तिकडे गेली तीही काही अंशी व्यापाऱ्यांच्या पावलांनी. तिसऱ्या शतकात खुओंग तांग होई नावाचे भिक्खू होऊन गेले. त्यांचं कुटुंब मूळ मध्य आशियातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेलं. वडील व्यापारासाठी आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये गेले आणि तिथेच हा मुलगा जन्मला. तिकडचे बौद्ध त्यांना आपल्या आद्य गुरूंत मानतात. मांसाचा कडक निषेध मात्र नंतरचा. पूर्वीचे भिक्खू भिक्षापात्रात पडेल ते घेत. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला लिआंग घराण्याच्या सम्राट वूने भिक्खूंना मांस बंद केलं, आणि त्या परंपरेत ते कायमचं रुजलं.

आणि मांसाबरोबर पाच उग्र पदार्थही वर्ज्य झाले. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीतले आणखी दोन हे चार. पाचव्याचं चिनी नाव अभ्यासक बहुतेक करून आपल्या ‘हिंगु’ शब्दाशी जोडतात. आता काय म्हणावं! आम्ही कांदा-लसूण सोडला आणि त्यांची उणीव हिंगाने भरून काढली. हिंगाशिवाय जैन आमटीला वासच नाही. तिकडच्या भिक्खूंनी तीही पळवाट बंद केली. उलट मुळा-गाजर त्यांना चालतं, जे आम्हाला चालत नाही. त्यांचा विचार मनाचा आहे, उग्र पदार्थाने वासना आणि राग वाढतो असा. आमचा विचार जिवांचा आहे, एका कंदात अनंत जीव असतात असा. दोघांच्या ताटांतून कांदा नाहीसा झाला, कारणं मात्र दोन. म्हणून वेसूतला जैन फो पाहिला की मला त्यात व्हिएतनामची विटंबना दिसत नाही. एका जुन्या नात्याची न कळत झालेली पुनर्भेट दिसते.

पण याच ठिकाणी मन अडखळतं. चायच्या दिवशी व्हिएतनामी आजी काहीतरी सोडते. तिला आवडणारा माशाचा वास त्या दिवशी घरात येत नाही, आणि तो आला नाही हे तिला कळतं. आमच्या मेन्यूकार्डावर जैन पिझ्झा आहे, जैन सिझलर आहे, जैन फो आहे. हे रात्री साडेनऊला आणि पोटाला तड लागेपर्यंत खाल्लं जातं. सूर्यास्तानंतर खायचं नाही, हा जैनांचा कांद्याइतकाच जुना नियम. त्याबद्दल वेटर विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. चोविहार पाळणारी सासू सहा वाजता घरी मुगाची खिचडी खाऊन मोकळी होते, आणि बाकीचं घर नऊला ‘जैन’ जेवायला निघतं. जैन हा शब्द अशाने चवीचं नाव होऊन बसला, तिखट की मध्यम, तसं रेग्युलर की जैन.

मी बाहेर खाण्याच्या विरोधात नाही. तीस वर्षं रोज दोन वेळा पोळ्या लाटलेल्या बाईने रविवारी कुणी वाढून दिलेलं खाऊ नये, असं कुठल्याही आगमात लिहिलेलं नाही. आणि ज्या मुलाला अँटवर्पला नाहीतर हनोईला जाऊन धंदा करायचा आहे, त्याला जगाच्या पंगतीत बसून आपलं व्रत सांभाळता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. वीरजी व्होरांच्या काळी ती सोय नव्हती. नानकटाईपासून फोपर्यंत सुरतेने ही वाट कष्टाने पाडली आहे.

फक्त आपल्या शास्त्रात बाह्य तपांची जी यादी आहे, तिच्यात उपवासाबरोबर आणखी दोन साध्या गोष्टी सांगितल्या आहेत. एक ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं. दुसरी रसपरित्याग, म्हणजे दूध, तूप, गोड असं जिभेला आवडणारं काहीतरी बाजूला ठेवणं. यांतलं कुठलंच हॉटेलवाल्याला आपल्यासाठी करता येत नाही. कांदा तो काढून देईल, दोन घास नाही. ते आपल्यालाच वाडग्यात ठेवून उठावं लागतं.