कोऱ्या रकान्याचा इतिहास: कर्डे गावच्या हुकूमनाम्यापासून डिजिटल सातबाऱ्यापर्यंत

१/१४
शिक्रापूर हे पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील शिरूर तालुक्यातील गाव. चाकणचा रस्ता येथेच फुटतो. एका बाजूस सणसवाडी, दुसऱ्या बाजूस रांजणगावची औद्योगिक वसाहत. त्यामुळे इथल्या गुंठ्या-गुंठ्याला मोल आले आहे. त्या गुंठ्यांची नोंद आता डेटाबेसच्या तक्त्यांत राहते. नोंद करणाऱ्याने एखादा रकाना कोरा सोडला, तर तिथे काय बसावे हे आज्ञावलीतील एक ओळ ठरवते. हा थ्रेड त्या ओळीच्या पूर्वजांविषयी. 🧵

२/१४
आधी ती ओळ समजून घेऊ. तक्ता तयार करताना प्रत्येक रकान्याला ‘डिफॉल्ट’, म्हणजे पूर्वनियोजित मूल्य देता येते. रकाना सोडून दिला की ते मूल्य आपोआप बसते. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ते पडद्यावरील चौकटीत लिहिता येते, किंवा आज्ञावलीतून रकान्याच्या ‘डिफॉल्टव्हॅल्यू’ या गुणधर्मास देता येते. एसक्यूएल भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीत यासाठी स्वतंत्र तरतूद आली. आज्ञावलीतून हे काम शेकडो तक्त्यांवर एका दमात होते. चूकही तशीच एका दमात पसरते.

३/१४
हा शब्द मात्र संगणकाने घडवलेला नाही. इंग्रजी कायद्यात ‘डिफॉल्ट’ म्हणजे कसूर: बोलावल्या वेळी हजर न राहणे, मुदतीत उत्तर न देणे. प्रतिवादी आला नाही, तर त्याच्या गैरहजेरीत निकाल लागे. संगणकातील अर्थ याच मुळाला फुटलेला आहे. माणूस गप्प राहिला, तर त्याच्या वतीने कोणते उत्तर धरायचे? शिरूर तालुक्याने या प्रश्नाची किंमत दीडशे वर्षांपूर्वी मोजली आहे.

४/१४
डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातील कर्डे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर टाच आणली. गावाने उत्तर दिले ते बहिष्काराने. सावकाराच्या शेतावर कोणी राबेना, घरी पाणी भरेना. पाहता पाहता हे लोण आसपासच्या गावांत गेले.

५/१४
असे हुकूमनामे मिळत कसे? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू कुणब्याच्या संरक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. पुढे समन्स निघे, कुणबी कोर्टात जात नसे, आणि बहुसंख्य खटले एकतर्फी निकाली निघत.

६/१४
म्हणजे त्या न्यायव्यवस्थेचे डिफॉल्ट मूल्य होते: ‘कर्ज मान्य आहे’. कुणब्याने ते कधीच उच्चारलेले नसे. समन्स हाती पडले का, कोर्टाच्या गावी जाण्याइतके पैसे होते का, रोख्यात काय लिहिले आहे ते त्याला कोणी वाचून दाखवले का, यांतले काहीही दप्तरात उमटत नसे. दप्तरात उमटे तो फक्त आकडा, आणि तो सावकाराने सांगितलेला असे.

७/१४
१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत उठाव पसरला. शिरूर तालुकाही त्यात होता. जमावाचे मुख्य लक्ष्य होते रोखे, वह्या आणि हुकूमनामे. बहुतेक ठिकाणी माणसांना गंभीर इजा न करता कागद हिसकावून जाळले गेले. आपला घात कोठे लिहिला जातो, हे निरक्षर शेतकऱ्याला नेमके ठाऊक होते.

८/१४
चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायालयाने शेतकरी प्रतिवादीची साक्ष स्वतः घ्यावी आणि व्यवहाराचा इतिहास पहिल्या देण्यापासून तपासावा, असे त्याने सांगितले. शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिले जाऊ लागले. सगळे सावकारी अन्याय याने संपले नाहीत. पण गैरहजेरी म्हणजे कबुली, हे समीकरण कायद्याने मोडले.

९/१४
पुढचा टप्पा हक्कनोंदणीचा. १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच सामावली. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे (१९६६) कलम १५७ सांगते: अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. फेरफाराची नोंद झाली की तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर नोंद प्रमाणित होण्याचा मार्ग मोकळा. मौन पुन्हा संमतीच्या खात्यात.

१०/१४
मौनाचा फायदा दुर्बलाला देणारा कायदाही महाराष्ट्राने पाहिला. १९४८ च्या कूळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, काही अपवाद वगळता, त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. अर्ज करावा लागला नाही. ‘मानीव खरेदीदार’ हा कायद्याचा शब्द. मानीव म्हणजे डिफॉल्टच.

११/१४
पण त्याच कायद्यात कलम ३२-ग होते. किंमत ठरवण्यासाठी न्यायाधिकरण नोटीस काढी. कूळ हजर राहिले नाही, तर ते खरेदीस राजी नाही असे जाहीर होऊन खरेदी निष्प्रभ ठरे. एका कलमाने मौनावर दिलेली मालकी दुसऱ्या कलमाने मौनावरच काढून घेतली. पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा कुळांना पुन्हा संधी द्यावी लागली.

१२/१४
डेटाबेसमध्येही असेच दोन मार्ग आहेत. असलेल्या रकान्याचे डिफॉल्ट बदलले, तर परिणाम फक्त पुढच्या नोंदींवर होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक झाले, तसे; आधी जन्मलेल्यांच्या नोंदी जशाच्या तशा. याउलट, नवा अनिवार्य रकाना डिफॉल्टसह जोडला, तर ते मूल्य जुन्या प्रत्येक ओळीत भरते. कृषक दिनासारखे. कोणता मार्ग घेतला जातो आहे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला नेमके ठाऊक असले पाहिजे.

१३/१४
भूमी-अभिलेख संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ ची. हाताने लिहिलेले सातबारे त्यानंतर टप्प्याटप्प्याने तक्त्यांत उतरले. आता कल्पना करा: कोणा एका गटाच्या भूधारणेचा रकाना जुन्या कागदावर पुसट आहे. आज्ञावलीने तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ भरले, तर हस्तांतरणावरील निर्बंध कागदावरून नाहीसे होतात. ‘वर्ग २’ भरले, तर निर्बंध नसलेल्या जमिनीचा व्यवहार परवानगीसाठी अडतो. दोन्ही उत्तरे पडद्यावर सारखीच ठाम दिसतात. आणि नोंद एकदा प्रमाणित झाली की कलम १५७ तिच्या पाठीशी उभे राहते. चूक सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर.

१४/१४
संगणकशास्त्राकडे यावर एक जुना उपाय आहे: ‘नल’, म्हणजे माहिती नाही. शून्य म्हणजे मोजले आणि काही निघाले नाही. नल म्हणजे अजून मोजलेच नाही. पोटखराब्याच्या रकान्यात हा फरक एकरांचा असू शकतो. जिथे उत्तर खरोखर ठाऊक आहे, जसे नोंदीची तारीख, तिथे डिफॉल्ट द्यावे. जिथे उत्तर माणसाच्या हक्काचे आहे, तिथे रकाना उघडपणे अपूर्ण दिसू द्यावा आणि माणसाला विचारावे. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशांना सांगितले ते याहून फार वेगळे नव्हते. आपला सातबारा एकदा रकान्यागणिक वाचून पाहा; एखादे उत्तर आपण कधी दिलेच नव्हते, असे आढळू शकते.