शिक्षा भोगून झाली, तरी पाठलाग संपत नाही

शिक्षा भोगली, दंड भरला, की माणूस मोकळा झाला असे आपण समजतो. अमेरिकेचा इतिहास वेगळे सांगतो.

1956 मध्ये तिथे अंमली पदार्थांविषयी कडक कायदा झाला. त्यातल्या एका कलमानुसार अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या नागरिकाने देशाबाहेर जाताना आणि परत येताना कस्टम अधिकाऱ्यांकडे नोंद करायची. नोंद चुकली, तर तोच नवा गुन्हा. त्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड, नाहीतर एक ते तीन वर्षे कैद, किंवा दोन्ही.

या कलमाने कोणाला गाठले? कृष्णवर्णीय गायिका बिली हॉलिडे हिला. झुंडीने झाडाला लटकावलेल्या काळ्या माणसांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ तिने 1939 मध्ये गायले होते. 1947 मध्ये ती वकिलाशिवाय न्यायालयात उभी राहिली, गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेली. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तिला क्लबात गाण्याचा परवाना दिला नाही. घरच्या शहरातला रोजगार असा बुडाला. 1958 मध्ये ती युरोपात गाऊन आली, तर नोंद केली नाही म्हणून कस्टमवाल्यांनी चौकशीला बोलावले. 1959 मध्ये रुग्णालयाच्या खाटेवरच तिला पुन्हा अटक झाली आणि 17 जुलैला ती गेली. वय 44. ते कलम 1970 मध्ये रद्द झाले.

आता जॉन लेनन पाहा. 1968 मध्ये लंडनमध्ये गुन्हा कबूल करून त्याने 150 पौंड दंड भरला. विषय संपला असे वाटले. पण त्याच शिक्षेवर बोट ठेवून अमेरिकेने 1972 मध्ये त्याला हद्दपार करायला घेतले. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलत होता, हे खरे दुखणे. त्याच्याकडे पैसा होता, वकील होता. 1975 मध्ये तो अपिलात जिंकला. बिलीकडे यातले काय होते?

हजेरी आणि पास आपल्याला नवे नाहीत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. अमेरिकेत निदान आधी खटला तरी होत होता, हा फरक विसरू नये. पण माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून त्याला कायमचा संशयित करायची रीत तीच.

म्हणून तरुणांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. “छोटी केस आहे, कबूल कर, दंड भर, सुटशील” असे कोणी म्हणाले तर घाई करू नका. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात जुनी अटक आणि शिक्षा आजही विचारतात, माफी मिळालेली असली तरी. परदेशी शिक्षणाचे दार त्या एका कबुलीने बंद होऊ शकते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. सही करण्याआधी तो मागा.