हिंदू संघाचा १९२० सालचा हंगाम

नंदगडचे नाव इतिहासात येते ते संगोळ्ळी रायण्णांमुळे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्यांना येथे फासावर चढविले, आणि त्यांच्या समाधीवरील वटवृक्षाला आजही या मुलखातील माणसे नमस्कार करून पुढे जातात. याच मुलखातून कित्तूरवरून धारवाडला जाता येते, आणि त्या धारवाडात १८७६ साली एका चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळू पालवणकर या पुरुषाची आठवण मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना असते. बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चौघेही मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांतून हिंदूंच्या संघाकडून खेळले. या लेखात आम्ही मुख्यतः त्या संघाच्या एका हंगामाकडे, १९२० च्या हंगामाकडे, पाहणार आहोत. धावांचा हिशेब त्यात थोडाच आहे. कर्णधारपदाचा मात्र पुष्कळ आहे.

बाळूंचे वडील सैन्याच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. तेथील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व लाटण्याचे काम बाळूंना मिळाले. पगार दरमहा ३ रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात तेच काम दरमहा ४ रुपयांवर मिळाले. तेथे ग्रीग नावाचा एक नाणावलेला इंग्रज फलंदाज होता. त्याला सरावासाठी रोज कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे. डाव्या हाताने संथ, वळणारे चेंडू टाकणारा हा पोरगा तासन् तास त्याच्यापुढे गोलंदाजी करीत राही, आणि त्यातूनच तो हिंदुस्थानातील अव्वल गोलंदाज झाला. परंतु त्या जाळ्यात साहेबांनी बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम, गोलंदाजी नोकराचे! चातुर्वर्ण्याचा अभिमान केवळ आपणालाच होता, असे म्हणता येत नाही.

पुण्याच्या हिंदू मंडळींना गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. ब्राह्मण खेळाडूंपैकी काहींनी कुरकुर केली. अखेर तोड निघाली ती अशी: मैदानावर बाळूंनी सर्वांबरोबर खेळावे, त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळावा, मात्र चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळावा आणि जेवणाचे पान वेगळे वाढले जावे. चामड्याच्या चेंडूचा विटाळ नाही, चहाच्या पेल्याचा मात्र आहे, ही व्यवस्था कोणत्या स्मृतीत सापडते हे आम्हांस ठाऊक नाही. बाळूंनी बळी घेत राहावे आणि संघाने जिंकत राहावे, असे काही वर्षे चालले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात बाळूंचा जाहीर गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर बसून जेवण्यास हरकत काय, हा प्रश्न निदान सुशिक्षितांच्या तोंडी येऊ लागला.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. तेथे समुद्रकिनारी पारशी, हिंदू व मुसलमान यांचे जिमखाने एका ओळीत उभे राहिले होते. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ सालचा. बाळूंना घ्यावे की नाही, यावर तेथेही वाद झाला. परंतु मुंबईच्या व्यापारी वातावरणात जिंकण्याची निकड सोवळ्यापेक्षा लवकर पटत असावी. बाळू आत आले आणि त्यांच्या मागोमाग शिवरामही आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या, आणि हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयाचे मर्म नेमके हेरले. पराक्रमापेक्षाही, या दोन बंधूंना जिमखान्यात बरोबरीने घेतले गेले, ही गोष्ट त्या पत्राला अधिक मोलाची वाटली.

स्पर्धेची बांधणीच जातिधर्मावर झाली होती. प्रथम युरोपियन व पारशी यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले तेव्हा चौरंगी. आणि १९३७ साली उरलेल्यांचा एक संघ येऊन पंचरंगी. संघ ज्याच्या त्याच्या समाजाचा, म्हणून त्याचा कर्णधार हा समाजाचा प्रतिनिधी समजला जाई. त्यामुळेच ‘हिंदूंचा कर्णधार कोण?’ हा प्रश्न खेळापुरता राहत नव्हता. अस्पृश्य मनुष्य हिंदूंसाठी बळी घेऊ शकतो, हे १९०६ पर्यंत मान्य झाले होते. तो हिंदूंच्या अग्रभागी उभा राहू शकतो काय, हे ठरायचे बाकी होते.

बाळूंचा अधिकार किती होता याचा पुरावा १९११ सालच्या विलायतच्या दौऱ्यात मिळतो. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो संघ २३ सामन्यांपैकी केवळ ६ जिंकून परतला. त्या पडझडीत बाळूंनी एकंदर ११४ बळी घेतले. सरासरी १८.८४. पस्तिशीतल्या, खांदा दुखत असलेल्या माणसाने ते केले. परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला, मानपत्रे दिली गेली. कर्णधारपद मात्र दिले गेले नाही. ते मुकुंद दामोदर पै यांच्याकडे गेले. पै हे गौड सारस्वत, उत्तम फलंदाज, आणि त्याच विलायतच्या दौऱ्यातील बाळूंचे सहकारी. १९१३ साली पै यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी सांगितले की, हा मान वस्तुतः माझ्या मित्राला, बाळूला, मिळावयास हवा होता. संघात तो ज्येष्ठ आहे आणि अनुभवी आहे. आपल्या सत्काराच्या सभेत असे बोलणारा मनुष्य आम्हांस लहान वाटत नाही. परंतु ते बोलल्यावरही सात वर्षे कर्णधार पैच राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

असा हा १९२० सालचा हंगाम आला. त्या वर्षाच्या आरंभी, ३१ जानेवारीस, डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. मार्चमध्ये आपल्या निपाणीपासून फार दूर नसलेल्या माणगावी शाहू महाराजांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद भरली. डिसेंबरमध्ये नागपूरच्या काँग्रेसने असहकाराबरोबरच अस्पृश्यता निवारणाचे आवाहन केले. अशा वर्षी हिंदू संघाच्या निवड समितीने काय करावे? पै आजारी, म्हणून पहिल्या सामन्याला दुसरा कर्णधार हवा होता. समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि नेतृत्व पुण्याचे दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविले.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट मांडणे आवश्यक आहे. बाळू तेव्हा ४४ वर्षांचे होते. त्या वयाच्या गोलंदाजाला वगळणे हा अपराध नव्हे. देवधर २८ वर्षांचे संस्कृतचे प्राध्यापक. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ साली रणजी करंडक जिंकला. त्यांच्या योग्यतेवर कोणी बोट ठेवू शकत नाही, आणि निवडीत त्यांचा स्वतःचा दोषही नव्हता. परंतु बाळूंचे वय झाले होते असे धरले, तरी विठ्ठल होतेच. ते ३४ वर्षांचे, संघाचे प्रमुख फलंदाज, आणि हिंदू संघातील अनुभवाने देवधरांपेक्षा ज्येष्ठ. वयाची सबब एका भावाला लागू पडत होती, दुसऱ्याला नव्हे. दोघांनाही लागू पडणारे कारण एकच उरत होते, आणि ते कोणी उच्चारीत नव्हते.

विठ्ठल व शिवराम यांनी ते उच्चारले. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपले निवेदन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले. केवळ जातीमुळे आपल्याला नेतृत्वापासून दूर ठेवले जात आहे आणि हा आपल्या समाजाचा अपमान आहे, असा त्याचा आशय होता. हिंदूंचा संघ त्यांच्यावाचून मुसलमानांविरुद्ध खेळला आणि जिंकलाही. सामना जिंकला म्हणून प्रश्न मिटला असता तर समितीचे फावले असते. पण लोकमत हलले होते. अंतिम सामना पारशांशी होता. त्याआधी तडजोड झाली: पै बरे होऊन कर्णधार म्हणून परत आले, बाळूंना बोलावून उपकर्णधार केले गेले, आणि दोघे बंधू पुन्हा संघात आले. सामन्यात पै काही काळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. अंतिम सामना अनिर्णित राहिला, आणि त्या वर्षीचे विजेतेपद हिंदू व पारशी यांच्यात विभागले गेले. आम्ही कोर्टात पुष्कळ तडजोडी पाहिल्या आहेत. ज्यात एका पक्षाला हक्क मिळतो पण कागदावर तो लिहिला जात नाही, त्या जातीची ही तडजोड होती.

वकिलाच्या नजरेला या प्रकरणात आणखी एक गोष्ट खटकते. अस्पृश्याने कर्णधार होऊ नये असा जिमखान्याचा नियम नव्हता, ठरावही नव्हता. खासगी संस्थेच्या समितीची ती मर्जी. रद्द करून मागण्यासारखा आदेशच नसल्यामुळे दाद कोणाकडे मागणार? देवळांच्या बाबतीत निदान रूढी उघड बोलत होती, आणि उघड बोलते म्हणून तिच्यावर कायदा करता आला. आपल्या बेळगाव जिल्ह्याला तेव्हा लागू असलेला मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा १९४७ चा; मद्रास प्रांताचाही त्याच साली झाला. दक्षिण कानडातील मुल्कीच्या श्री व्यंकटरमण देवस्थानाचा दावा आपल्या कोंकणी वाचकांना परिचित असेल. हे देवालय गौड सारस्वतांचे आहे, तेव्हा प्रवेश कोणाला द्यावा हे आम्ही ठरवू, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर १९५७ रोजी निकाल दिला. देवालय त्या समाजाचेच आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण संविधानाच्या २५ व्या कलमाने सर्व हिंदूंना उघडलेले दार २६ व्या कलमातील संप्रदायाच्या अधिकाराने बंद करता येणार नाही, असे ठरविले. काही विशिष्ट विधी मात्र समाजापुरते राखता येतील, एवढी मुभा ठेवली. म्हणजे सभामंडपात सर्व, काही विधींना मोजके. १९२० च्या हिंदू संघातही हीच मांडणी होती, फक्त ती लिहिलेली नव्हती, आणि नेतृत्व हा राखून ठेवलेला विधी होता.

या सामन्यांची गंमत अशी, की ते ज्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत, त्याच्या मंडपात सभासद म्हणून पै, देवधर आणि बाळू या तिघांनाही सारखाच मज्जाव होता. ते दार केवळ गोऱ्यांसाठी होते. बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या उच्चवर्णीयांना दर हंगामात मिळत होता.

पुढील दोन हंगामांतही विठ्ठल यांना डावलले गेले. १९२३ साली मात्र ते कर्णधार झाले. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, अस्पृश्यता निवारणाची चर्चा घरोघर चालली होती, आणि समितीला जुनी सबब पुन्हा सांगणे कठीण झाले होते. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरविले. विजयानंतर प्रेक्षकांनी मैदानात धाव घेऊन विठ्ठल यांना खांद्यावर उचलले. ज्यांनी उचलले त्यांत उच्चवर्णीय होते, याचा वृत्तपत्रांतून आनंदाने उल्लेख झाला. पुढील वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा हिंदूंच्या संघाला अस्पृश्य कर्णधार मिळून एक वर्ष झाले होते. आमच्या तालुक्यातील किती देवळांची दारे त्या दिवशी अस्पृश्यांना उघडी होती, हे वाचकांनी आपापल्या गावच्या वृद्धांकडून ऐकलेल्या गोष्टींवरून ताडावे.

बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईच्या विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हिंदू समाजात राहून दार उघडून घ्यावे असे मानणारा आणि ते दार उघडण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही असे मानू लागलेला, असे दोन पुरुष त्या निवडणुकीत समोरासमोर होते. पंचरंगी सामने १९४६ मध्ये बंद झाले. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मवृत्त मराठीत लिहिले. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. हिंदू संघाच्या कर्णधारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. १९२० च्या अंतिम सामन्यापुढे पै यांचे नाव आहे.