अल्स्टरमधील स्कॉट पूर्वजांचा शोध : याद्या, आग आणि आडनावे

१/ स्कॉटलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरील पोर्टपॅट्रिक आणि आयर्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील डोनाघडी या दोन बंदरांमधील समुद्र जेमतेम ३५ किलोमीटर रुंद आहे. आकाश निरभ्र असेल तर एका काठावरून दुसरा काठ दिसतो. सतराव्या शतकात हजारो स्कॉट कुटुंबे हे चिंचोळे पाणी ओलांडून आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात स्थायिक झाली. त्यांचे वंशज आज बेलफास्टपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत विखुरलेले आहेत आणि त्यांपैकी अनेकांना एकच प्रश्न सतावतो : आपला मूळ पुरुष स्कॉटलंडातील नेमका कोणत्या गावचा?

२/ प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र दुर्मीळ. हा प्रवास एकाच राजाच्या दोन राज्यांमधला होता. उतारूंच्या याद्या ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे पूर्वजांचा माग काढावा लागतो तो भलत्याच कारणांसाठी झालेल्या नोंदींतून : कर, शस्त्रे, जमीन, युद्ध. म्हणून प्रत्येक यादीला आधी विचारावे लागते की ती कोणी केली आणि कशासाठी केली.

३/ थोडी पार्श्वभूमी. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंड आणि आयर्लंड यांच्याही गादीवर आला. त्याच वर्षी अल्स्टरच्या गेलिक सरदारांचे इंग्रजांविरुद्धचे नऊ वर्षांचे युद्ध संपले. क्लँडेबॉयचा कॉन ओनील कॅरिकफर्गसच्या किल्ल्यात कैदेत पडला होता. राजाची माफी मिळवण्याच्या व्यवहारात त्याच्या जमिनीचा मोठा हिस्सा ह्यू माँटगोमेरी आणि जेम्स हॅमिल्टन या दोन स्कॉटांकडे गेला.

४/ दोघेही मूळचे एअरशायरचे. माँटगोमेरी ब्रेडस्टेनचा जमीनदार, तर हॅमिल्टन डनलॉपच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. १६०६ पासून त्यांनी डाउन काउंटीच्या उत्तर भागात कुळे आणून वसवली, आणि ती प्रामुख्याने आपल्या ओळखीच्या मुलखातून आणली. वंशशोधकाला पहिला धागा येथेच सापडतो : जमीनदार कोठला हे कळले, तर कूळ कोठून आले असावे याचा अंदाज बांधता येतो.

५/ सप्टेंबर १६०७ मध्ये टिरोनचा अर्ल ह्यू ओनील आणि टिरकॉनेलचा अर्ल रोरी ओडॉनेल रॅथमुलनहून जहाजाने युरोपात निघून गेले. त्यानंतर राजाने सहा काउंटींतील जमीन ताब्यात घेतली : आर्मा, कॅव्हन, कोलरेन, डोनेगॉल, फर्मॅना आणि टिरोन. १६०९ पासून आखली गेलेली ही सरकारी वसाहत योजना ‘प्लँटेशन ऑफ अल्स्टर’ म्हणून ओळखली जाते. अँट्रिम आणि डाउन या काउंटी तिच्यात नव्हत्या. तेथील वस्ती खासगी व्यवहारांतून झाली.

६/ योजनेत जमीन घेणाऱ्यावर अट होती की दर १,००० एकरांमागे त्याने २४ सशक्त ब्रिटिश पुरुष वसवावेत. आयरिश कुळे ठेवण्यास या मोठ्या वतनदारांना मनाई होती. प्रत्यक्षात अनेकांनी ती ठेवली, कारण आयरिश शेतकरी जास्त खंड देण्यास तयार असत. कायद्याच्या कागदावरचे अल्स्टर आणि मातीवरचे अल्स्टर सुरुवातीपासूनच वेगळे होते.

७/ हॅमिल्टनने १६२५ च्या सुमारास थॉमस रेव्हन या भूमापकाकडून आपल्या जहागिरीचे नकाशे काढून घेतले. त्यांतील अनेक शेतांवर कुळांची नावे लिहिली आहेत. खंड वसूल करण्याच्या सोयीसाठी केलेले हे काम आज चारशे वर्षांपूर्वीचा माणूस कोणत्या शेतात राबत होता, हे सांगते. हे नकाशे बँगोर येथील संग्रहालयात आहेत.

८/ १६३० च्या सुमारास ‘मस्टर रोल’ म्हणजे शस्त्रधारी पुरुषांचे हजेरीपट तयार झाले. कोणत्या जमीनदाराकडे किती पुरुष आहेत आणि कोणाजवळ तलवार, भाला वा बंदूक आहे, याची ही मोजणी. पुष्कळांच्या नावापुढे शस्त्र नसल्याचीच नोंद आहे. आडनावे जमीनदारागणिक एकत्र येत असल्याने हा पट वंशशोधकाला फार मोलाचा. मात्र त्यात स्त्री नाही, मूल नाही आणि मूळ गावही नाही.

९/ ऑक्टोबर १६४१ मध्ये आयरिश कॅथलिकांचा उठाव झाला. त्यानंतर प्रामुख्याने प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांच्या जबान्या नोंदवण्यात आल्या. सुमारे ८,००० कागदांचा हा संग्रह डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यात विधवा बोलतात, लुटलेल्या गुरांची आणि धान्याची किंमत येते. परंतु या जबान्या नुकसानभरपाईसाठी आणि सूडासाठीही वापरल्या गेल्या. नाव, गाव आणि मालमत्ता यांसाठी त्या उपयुक्त ठरतात; ऐकीव गोष्टींच्या बाबतीत त्या सावधपणेच वाचाव्या लागतात.

१०/ १६६० च्या दशकात चूल-कर आला : प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. अल्स्टरच्या बहुतेक काउंटींच्या या याद्या निदान प्रतींच्या रूपाने उरल्या आहेत. १६३० च्या हजेरीपटातील आडनाव १६६० च्या दशकातील चूल-करात त्याच परिसरात पुन्हा दिसले, तर ते कुटुंब १६४१ च्या वादळातून तरले असावे असे म्हणता येते. ‘असावे’ हा शब्द येथे महत्त्वाचा.

११/ कारण हा प्रवास एकमार्गी नव्हता. १६३९ मध्ये लॉर्ड डेप्युटी वेंटवर्थने अल्स्टरच्या स्कॉटांवर राजनिष्ठेची शपथ लादली. ती ‘काळी शपथ’ म्हणून कुप्रसिद्ध झाली आणि ती टाळण्यासाठी अनेकजण स्कॉटलंडला परतले. पुढे १६९० च्या दशकात स्कॉटलंडात दुष्काळ पडला तेव्हा माणसांचा मोठा लोंढा पुन्हा आयर्लंडकडे वळला. ‘आमचे पूर्वज १६१० मध्ये आले’ असे सांगणारी कितीतरी घराणी वास्तविक या शेवटच्या लाटेतून आलेली असणे सहज शक्य आहे.

१२/ अठराव्या शतकातील सर्वांत हृद्य यादी १७९६ ची. जवस पेरणाऱ्या शेतकऱ्यांना लिनन बोर्डाने चरखे फुकट दिले : पाव एकराला एक, एका एकराला चार. सुमारे ६०,००० नावांची ही यादी एका अर्थी सरकारी बक्षिसाची पावतीच आहे. लिनन हा अल्स्टरचा प्राण असल्यामुळे त्या प्रांतातील नावे तिच्यात विशेष संख्येने आहेत.

१३/ आता आगीची गोष्ट. ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स परिसरातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद, असंख्य मृत्युपत्रे आणि ‘चर्च ऑफ आयर्लंड’ची कितीतरी नोंदपुस्तके जळून गेली.

१४/ परंतु सारा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे कुटुंबनिहाय कागद सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. म्हणून संपूर्ण आयर्लंडसाठी उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची.

१५/ येथे इतिहासाने एक चमत्कारिक न्याय केला. स्कॉट वसाहतवाल्यांचा प्रेस्बिटेरियन पंथ आयर्लंडचा अधिकृत राजधर्म नव्हता. त्यामुळे त्यांची नोंदपुस्तके सरकारी अभिलेखागारात जमा करण्याचा प्रश्न उद्भवला नाही आणि ती आगीतून वाचली. ज्या दुय्यमपणाचा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्रास झाला, त्यानेच त्यांचे कागद राखले. दुर्दैव इतकेच की यांतील बहुतेक पुस्तके एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात.

१६/ जळालेल्या कागदांच्याही छाया उरल्या. टेनिसन ग्रोव्ह्ज यांच्यासारख्या वंशशोधकांनी आगीपूर्वी स्वतःच्या कामासाठी हजारो नकला केल्या होत्या. १७६६ च्या धार्मिक गणनेतील अनेक नावे आज अशाच नकलांमुळे ठाऊक आहेत. असे पुष्कळ साहित्य बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने मिळवले. २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, नष्ट झालेल्या अभिलेखागाराची डिजिटल पुनर्रचनाही लोकांसाठी खुली झाली.

१७/ वाचकाला सर्वाधिक फसवते ते आडनाव. टिरोनमधील कॅम्पबेल हे स्कॉटलंडातून आलेले असू शकतात किंवा ‘मॅक कॅहवील’ या आयरिश कुळाने इंग्रजी वळणाचे नाव घेतलेले असू शकते. ‘मॅक शॉन’चे जॉन्स्टन झाले, ‘ओ क्लेरी’चे क्लार्क झाले. इंग्रजी सत्तेत इंग्रजी वाटणारे नाव सोयीचे होते. नाव बदलणाऱ्याने त्याचे कारण क्वचितच लिहून ठेवले.

१८/ धर्मावरून मूळ ठरवणेही धोक्याचे. स्ट्रबेन भागात हॅमिल्टन घराण्याच्या कॅथलिक शाखेने स्कॉट कॅथलिक वसवले होते. अँट्रिमचे मॅकडॉनेल तर वसाहत योजनेच्या दोनशे वर्षे आधीच स्कॉटलंडच्या बेटांतून आलेले, गेलिक बोलणारे आणि कॅथलिक. ‘स्कॉट म्हणजे प्रेस्बिटेरियन, आयरिश म्हणजे कॅथलिक’ हे समीकरण कागदांपुढे टिकत नाही.

१९/ मग शोध घ्यावा कसा? वर्तमानातून मागे, एकेक पायरी. १९११ आणि १९०१ च्या जनगणना. त्यामागे १८६४ पासूनची जन्ममृत्यूची आणि १८४५ पासूनच्या बिगर-कॅथलिक विवाहांची नोंदणी. मग १८४७ ते १८६४ चे ग्रिफिथ यांचे मालमत्ता मूल्यांकन. १८२३ ते १८३७ ची दशांश-कराची पुस्तके. त्यापलीकडे १७९६, १७६६, चूल-कर आणि हजेरीपट.

२०/ या सर्व पायऱ्यांना जोडणारा दुवा म्हणजे ‘टाउनलँड’. आपल्याकडील शिवारासारखे हे जमिनीचे सर्वांत लहान एकक, आणि आयर्लंडात ती ६०,००० हून अधिक आहेत. माणसांची नावे हजारोंनी सारखी असतात. टाउनलँड ठाऊक असल्यावाचून एक जॉन हॅमिल्टन दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही.

२१/ नामकरणाची रीतही मदतीस येते. अनेक स्कॉट घराण्यांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि थोरल्या मुलीला आईच्या आईचे नाव देत. शिवाय स्कॉटलंडच्या नोंदींत आणि थडग्यांवर विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव बरेचदा कायम राहते. मात्र ही रीत होती, नियम नव्हे. तिच्यावरून तर्क करावा, निर्णय देऊ नये.

२२/ आणि समुद्रापलीकडे? स्कॉटलंडातील सर्वांत जुने पॅरिश नोंदपुस्तक १५५३ चे असले, तरी अनेक पॅरिशांच्या नोंदी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. म्हणजे १६१० मध्ये निघालेल्या साध्या कुळाची बाप्तिस्म्याची नोंद मुळात नसण्याचीच शक्यता अधिक. ज्या वंशावळी त्याला थेट एखाद्या सरदाराच्या पोटी जन्माला घालतात, त्यांच्याकडे पुरावा मागावा.

२३/ हा शोध केवळ हौसेचा नाही. उत्तर आयर्लंडात ‘आधी कोण आले’ हा प्रश्न आजही राजकारणाचा आहे. याद्या नीट वाचल्या तर त्यांत ये-जा करणारी, नावे बदललेली आणि शेजाऱ्यांशी मिसळलेली माणसे दिसतात. त्यांच्याच शेजारी अशीही माणसे होती जी यादीत आलीच नाहीत : पोटकुळे, मजूर, बहुसंख्य स्त्रिया आणि ज्यांच्या जमिनीवर ही कुळे वसवली गेली ते आयरिश शेतकरी.

२४/ बहुतेक कुटुंबांना नेमके गाव सापडणार नाही. एखादा जमीनदार, एखादे टाउनलँड, फार तर एअरशायर वा गॅलोवेसारखा एखादा मुलूख, इथवर पुरावा नेतो आणि थांबतो. तो जेथे थांबतो तेथेच थांबणे हेही त्या पूर्वजांविषयीच्या आदराचेच एक रूप आहे.