कागजीपुऱ्याची वाट

दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला जायचे आमच्या घरी ठरते आहे. सासूबाईंना घृष्णेश्वराचे दर्शन हवे, मुलांना देवगिरीचा किल्ला. मी म्हटले, "मला कागजीपुरा पाहायचा आहे." सगळी हसली. कागद पाहायला का कोणी यवतमाळहून इतके दूर जाते?

दौलताबादहून खुलताबादला जाताना हे लहानसे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली व तिचे नाव दौलताबाद ठेवले. दरबाराबरोबर दफ्तर आले, दफ्तराला कागद हवा. त्या वेळी आलेल्या कागदी कारागिरांनी हे गाव वसवले, असे सांगतात. राजधानी काही वर्षांतच परत गेली. कागद मात्र मागे राहिला.

चिंध्या भिजवून, कुटून लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात कालवून बारीक काड्यांच्या जाळीवर उचलायचा, वाळवायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. आपल्या शेजारी वर्ध्याला १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत हातकागदाला पुन्हा आधार दिला.

आपण जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो, तशीच ही चिंध्यांची माया. सातवीनंतर माझी शाळा सुटली; वहीतली उरलेली कोरी पाने मी कित्येक वर्षे जपली होती. हे प्रथमच घरात सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दर्शन सकाळीच आटोपू. मग तुझं गाव."